बिनवासाच्या बागा

वैशाखात जळगावातल्या माणसाला ‘चला, बाग बघायला जाऊ’ असं म्हटलं, की तो आधी आपल्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहतो. सकाळी दहानंतर इथे रस्त्यावर दिसतात ते डोक्याला उपरणं गुंडाळलेले दुचाकीवाले आणि सावली शोधणारी कुत्री. पण बहावा, गुलमोहर, तामण, बोगनवेल ही मंडळी मुलखावेगळी. आपण घामानं बेजार असतो तेव्हाच त्यांना फुलायचं असतं. त्यांना बघायचं तर सकाळी सहाला घर सोडावं लागतं आणि नवाच्या आत परतावं लागतं. मी आणि अक्का दर वर्षी तेच करायचो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिंदखेड्याला दिलेली. आमचे आईवडील गेले, भाऊ पुण्याला गेला आणि घर विकलं गेलं, तेव्हा आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं की आता आखाजीला जायला जागा नाही. बाहेरच्यांना हे समजायचं नाही. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, आणि आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गौराईची गाणी म्हणायची, सांजोऱ्या आणि आमरस खाऊन दुपारभर लोळायचं. दिवाळी सासरची असली तरी चालते. आखाजी माहेरचीच लागते. तर पहिल्या वर्षी दोघींनी फोनवर रडून घेतलं आणि दुसऱ्या वर्षी अक्का सकाळच्या गाडीनं सरळ माझ्याकडे जळगावला आली. म्हणाली, झोका नसेल तर नसेल, कुठेतरी झाडाखाली तरी बसू. मी तिला एका बागेत घेऊन गेले. तिथे बोगनवेलीखाली बसून आम्ही डब्यातल्या सांजोऱ्या खाल्ल्या, माळ्याला एक दिली, आणि घरी येताना अक्का म्हणाली, “व्हयनी आखाजी.” झाली आखाजी. तेव्हापासून बाग हेच आमचं माहेर.

माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं पटायचं नाही. मी शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं वेळापत्रकं केली. कुठल्या वर्गावर कधी कोण, कोण रजेवर, त्याच्या जागी कोण, हे सगळं माझ्या हातात. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. आमचे हे म्हणतात, तुला मरणाची तारीख दिली तरी तू आधी जाऊन जागा पाहून येशील. ते चुकीचं बोलतात असं मला म्हणता येत नाही.

कार्तिकात दाजी गेले. अक्काचे यजमान. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता, जसे राहिले तसेच. त्यांचं शिंदखेड्याच्या बाजारात कापडाचं छोटं दुकान होतं. बोलणं जवळजवळ नाहीच. गिऱ्हाइकालाही ते कापड उलगडून दाखवायचे आणि गप्प उभे राहायचे. पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी येताना त्यांच्या हातात पळसाच्या पानाची एक पुडी असायची, आणि पुडीत मोगऱ्याचा गजरा. मोगऱ्याच्या दिवसात एकही संध्याकाळ चुकली नाही. मोगरा संपला की जाई, जाई संपली की शेवंती, पण त्यांचा जीव मोगऱ्यावर. बत्तीस वर्षं. आळीतल्या बायका अक्काला चिडवायच्या, मीही चिडवायचे, आणि अक्का केसात गजरा खोचून भाकऱ्या करायला बसायची.

दाजी गेल्यावर अक्का घरातून बाहेर पडेनाशी झाली. पहिले काही दिवस आम्हाला ते साहजिक वाटलं. मग माघ गेला, फाल्गुन गेला. देवळात नाही, बाजारात नाही, समोरच्या घरी बारशाला बोलावलं तरी गेली नाही. फोन केला की “बरं शे” म्हणायची आणि त्यानंतर मीच बोलत राहायचे. तिचा मुलगा आणि सून सुरतेला असतात. आखाजीला मुलगा आला, वडिलांच्या नावानं नवी घागर भरली, आणि त्याच दिवशी त्यानं मला फोन केला. “मावशी, मी चार दिवसांनी घर बंद करून आईला सुरतेला नेतो. इथे ती अशीच बसून संपेल. मी विचारलं तर हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. तिच्यासमोर बॅग भरली तरी ती बघत बसेल.” शेवटी तो म्हणाला, “तुझ्याशी बोलली तर बघ.”

म्हणजे माझ्या हातात चार दिवस होते. सुरतेला जायला माझी हरकत नव्हती. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण अक्कानं स्वतःच्या तोंडानं जाते म्हणावं किंवा नाही म्हणावं. एखादं कपाट हलवावं तसं तिला हलवलं, तर पुन्हा ती कधीच बोलणार नाही, अशी भीती माझ्या मनात बसली.

मी वेळापत्रक केलं. पहिला दिवस, शिंदखेड्याहून येताना धुळ्याजवळची बहाव्याची बाग. दुसरा दिवस, जळगावबाहेरच्या टेकाडावरची बोगनवेल आणि गुलमोहर. तिसरा दिवस मोकळा, चौथ्या दिवशी परत. हे करताना एक गोष्ट मी आधी ठरवून टाकली. अक्काच्या डोळ्यांसमोर मोगरा येता कामा नये. मोगराच काय, केसात माळता येईल असं कुठलंच फूल नको. आजकाल कोण काय पाळतं, असं आपण म्हणतो. मीही चारचौघांत तसंच म्हणते. पण नवरा गेलेल्या बाईसमोर फुलांची परडी आली की हात आपोआप परडी बाजूला घेतो, हेही मला माहीत आहे. आणि इथे तर परडीतलं फूल दाजींचं होतं. म्हणून मी बागाच अशा निवडल्या की जिथली फुलं कुणी माळत नाही. बहावा कोण माळतो? बोगनवेल कोण माळतो? झाडावर बघायची आणि पुढे जायचं.

नुसत्या बागा निवडून मी थांबले नाही. आमच्या गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी शेजारणीकडे नेऊन ठेवली. गाडीत सुगंधाची डबी होती, तिला मोगऱ्याचा वास आहे असं मला वाटलं, ती काढली. न्हाणीघरातला साबण बदलला. अक्काला बागेत न्यायचं मनात होतंच, म्हणून दोन्ही बागांची पाहणी मी आठवडाभर आधीच करून आले होते. आणि दर वर्षी अक्काबरोबर बागेत जाताना मी गजरा माळते, तो या वेळी माळला नाही. आमचे हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, “तू तिला बागा दाखवणार आहेस की फुलं लपवणार आहेस?” मी त्यांना गाडीत हवा भरून आणायला पाठवलं.

आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुतेक भाऊच जातो. बहीण मुऱ्हाळी म्हणून गेल्याचं मी कुठे ऐकलं नाही. मी गेले. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो आणि अक्काच्या दारात उभं राहून मी म्हटलं, “मी मुऱ्हाळी उनी. चाल.” मला वाटलं होतं ती हसेल, निदान नाही तरी म्हणेल. तिनं पिशवीत दोन लुगडी टाकली आणि गाडीत येऊन बसली. मुलानं दिलेली पाण्याची बाटली मांडीवर धरून ती रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

धुळ्याजवळची ती बाग एका निवृत्त जोडप्याची आहे. शेताच्या वाटेला दोन्ही बाजूंनी त्यांनी बहावा लावला, त्याला आता वीस वर्षं झाली असतील. फुलांच्या दिवसांत ते फाटक उघडं ठेवतात. आत शिरलं की दोन्हीकडून पिवळे घोस लोंबत असतात, इतके की पानं दिसत नाहीत. खाली मातीवर पाकळ्यांचा सडा, आणि सगळ्या वाटेवर मधमाश्यांचा आवाज. शेवटाला तामणाची चार झाडं, जांभळी. मी चौदा-पंधरा बागा पाहिल्या असतील, पण त्या वाटेवर मला दर वेळी उगाच हळू बोलावंसं वाटतं. त्या दिवशी मात्र मी हळू बोलले नाही. शांतता झाली की मला धास्ती वाटायची, म्हणून मी शाळेच्या सहलीला निघालेल्या बाईसारखी बोलत सुटले. बहाव्याच्या शेंगा कशा लांब असतात, तामण आपलं राज्यफूल कसं आहे, या झाडाला पाणी किती लागतं. अक्का माझ्या मागून चालत होती. शेवटाला पोचल्यावर ती म्हणाली, “चांगलं शे.” तेवढंच. मग पारावर बसून ती पाणी प्यायली.

रात्री मी ह्यांना म्हटलं, दोन शब्द तरी बोलली. ते म्हणाले, “तू दोन हजार बोललीस, त्यात तिला फट कुठे मिळणार?” मी पाठ फिरवून झोपले.

दुसऱ्या दिवशीची बाग मोठी. जळगावच्या बाहेर टेकाडावर आहे, मुरमाड जमीन, पण सगळीकडे ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या, त्यामुळे झाडं तरारलेली. बोगनवेलीच्या कमानी घातलेले रस्ते, राणी रंगाची, केशरी, पांढरी, आणि एक फिक्या विटकरी रंगाची, जी मला सगळ्यात आवडते. उतारावर गुलमोहराची रांग. खालून बघितलं तर टेकाड पेटल्यासारखं दिसतं. फाटकापासून मधली वाट सरळ सावलीतून वर जाते, आणि त्याच वाटेवर पाण्याच्या टाकीजवळ माळ्यानं मोगऱ्याचे दोन लांब वाफे केलेत. हे मला पाहणीत दिसलं होतं. म्हणून मी आधीच ठरवलं होतं की अक्काला मधल्या वाटेनं न्यायचं नाही. कुंपणाच्या कडेकडेनं एक वळसा आहे, त्यानं जायचं. तो लांब आहे हे मला माहीत होतं. त्याच्यावर सावलीचं एक झाड नाही हे मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं, कारण पाहणीला मी संध्याकाळी गेले होते.

त्यात आमचं निघायलाच उशीर झाला. वळशावर अर्ध्यात पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. ऊन असं की मुरूम चपलेतून तळव्याला लागत होता. ह्यांनी दोनदा म्हटलं, मधून जाऊ या. मी म्हटलं, इकडून सुरेख दिसतं. तिकडे सुरेख असं काहीही नव्हतं, कुंपणाची तार आणि वाळलेलं गवत. थोडं पुढे गेल्यावर अक्का थांबली. तिनं तारेच्या खांबाला हात टेकला आणि खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता. ह्यांनी तिला धरून उठवलं, आणि मी काही म्हणायच्या आत सरळ मधून, गवतातून, टाकीकडे नेलं, कारण पाणी तिथेच होतं आणि सावलीही तिथेच होती.

टाकीजवळ चिंचेखाली दगडी बाक आहे. तिला तिथे बसवलं. तोंडावर पाणी मारलं. ती दोन घोट प्यायली, आणि थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. समोर दहा पावलांवर मोगरा फुललेला, ओल्या मातीचा आणि मोगऱ्याचा वास सगळीकडे. मी तिच्या आणि वाफ्यांच्या मध्ये पदर पसरून उभी राहिले. खरंच उभी राहिले. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

“बाजूले व्हय,” अक्का म्हणाली.

मी म्हटलं, “अक्का, तिकडे ऊन लागस...”

“मी कालपासून देखी राहिनी,” ती म्हणाली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “बठ्ठा बिनवासना फुलं दाखाडी राहिनी तू माले. तुन्या गॅलरीमा कुंडीना गोल डाग शे, कुंडी नही. तुन्या डोकामा गजरा नही. आन आज उन्हामा फिराडी फिराडी मारी टाकती, पन मोगरा देखू दिधा नसता. माले डोया शेतस, नाक शे. मेला तो मना नवरा, मी नही.”

मी म्हटलं, “तुले तरास व्हई म्हनीसन...”

“तरास!” ती म्हणाली. आणि मग जे बोलली ते मी तिच्या भाषेत तसंच्या तसं लिहू शकत नाही, कारण ती भराभर बोलत होती आणि मी रडत होते. पण ते असं होतं. दाजी गेल्यावर पहिल्या महिन्यात ती समोरच्या घरी गेली. समोरच्या वहिनी तिच्या बरोबरीच्या, तीस वर्षांची मैत्री. त्या फुलं माळून बसल्या होत्या. अक्का उंबऱ्यात दिसल्याबरोबर त्यांनी हात मागे नेऊन गजरा काढला आणि उशीखाली सरकवला. मग अक्का शेजारी गेली, तिथल्या सुनेनंही तेच केलं. सुरतेहून आलेली स्वतःची सून दारातच वेणीतलं फूल काढून पर्समध्ये टाकायची, आणि अक्काला पर्समधून वास यायचा. देवळात गेली तर बायका परडी पदराखाली घ्यायच्या. कुणी वाईट वागलं नाही. सगळ्या जीव लावूनच वागत होत्या. “मी जठे जास, तठे बायास्ले फुलं उतारना पडतस,” अक्का म्हणाली. “सणवारले, बारसाले, बठ्ठास्ले. मंग मी जातच नही. त्या बिचाऱ्या ऱ्हाऊ देत माळीसन.”

म्हणून ती घरात बसली होती. आम्ही समजत होतो की दुःखानं बसली आहे. ती तर बायकांना त्यांचे गजरे परत मिळावेत म्हणून बसली होती, आणि मी सख्खी बहीण, मुऱ्हाळी म्हणून गेले, ती मी काय करत होते? तेच. त्या सगळ्यांपेक्षा जास्त व्यवस्थित, वेळापत्रक करून. मला इतकं शरमल्यासारखं झालं की मी तिच्या पायाशी मुरमातच बसले.

हे थोडे लांब जाऊन नळ्यांकडे बघत उभे राहिले. तेवढी अक्कल त्यांना आहे.

बऱ्याच वेळानं अक्का उठली, वाफ्यापर्यंत गेली, वाकून चार फुलं तोडली आणि हातात घेऊन परत बाकावर आली. तिनं फुलं नाकाशी नेली, आणि तोंड वाकडं केलं.

“माले मोगरा कधीच आवडे ना,” ती म्हणाली.

मला वाटलं उन्हानं तिच्या डोक्यावर परिणाम झाला.

“खरं सांगस. त्या वासघाई डोकं दुखे मनं. दोन्ही कानशिलं. लगीन व्हयनं तैपासून.”

“बत्तीस वर्षं?”

“बत्तीस वरीस.”

नवी नवरी असताना एका संध्याकाळी दाजींनी पहिली पुडी आणली. सासूबाई ओसरीवर बसलेल्या, म्हणून हातात दिली नाही, खिडकीत ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. अक्कानं गजरा माळला. भाकऱ्या होईपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तिनं ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी खिडकीत पुन्हा पुडी. आणि ते जेवताना तिच्या केसांकडे एकदा बघून मान खाली घालून हसले. मग राहिलंच.

“मंग सांगं काब्रं नही?” मी विचारलं.

“कसं सांगू? तुना दाजी बोलेतच नहीत. दिवसभरमा ती पुडी, तेच एक त्यास्नं बोलनं. ‘तुमना बोलाघाई मनं डोकं दुखस’, आसं कोनी सांगस का नवराले?”

“मी त रोज सांगस,” मी म्हटलं.

अक्कानं लांब उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि हसायला लागली. मीही हसायला लागले. दोघी बाकावर हसत होतो, टाकीवर पाणी भरायला आलेल्या बाया थांबून बघायला लागल्या. हसता हसता अक्काचं हसणं मध्येच बदललं आणि ती रडायला लागली. कार्तिकात दाजींना नेलं त्या दिवशीही ती रडली नव्हती. मी तिला धरून बसले. काही बोलले नाही. त्या दिवशी तेवढं एक मला नीट जमलं.

थोडी शांत झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि हातातल्या चुरगळलेल्या फुलांकडे बघत म्हणाली, “आते सांजले डोकं दुखत नही. दिवा लावाना टाइम व्हयना का मी वाट देखस. काहीच व्हत नही.”

घरी आल्यावर तिनं मला आधी शेजारणीकडून कुंडी आणायला लावली. शेजारीण म्हणाली, इतक्यात? मी म्हटलं, हो. तिसरा दिवस वेळापत्रकात मोकळा होता. अक्कानंच तो भरला. म्हणाली, आपल्या जळगावजवळ मोगऱ्याची शेतं आहेत म्हणतात, ती आपण कधी पाहिलीच नाहीत, नेहमी या शोभेच्या बागा. तर पहाटे पाचला आम्ही एका मळ्यात होतो. उजाडायच्या आत कळ्या तोडतात, कारण उमललेलं फूल बाजारात नेईपर्यंत मरतं. पंधरा-वीस बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या, हात भराभर चाललेले. अजून पुरतं दिसत नव्हतं, पण वास आधीच उठला होता. त्या बायांतल्या निम्म्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि त्यांच्यापासून मोगरा लपवायचं कुणाला सुचलं नव्हतं. अक्का बांधावर उभी राहून बघत होती. मग चपला काढून एका ओळीत उतरली आणि तोडायला लागली. मळ्याच्या मालकिणीनं तिला ओंजळभर कळ्या दिल्या.

दुपारी पंख्याखाली बसून तिनं केळीच्या दोऱ्यानं गजरा केला आणि माझ्या केसात खोचला. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा तिनं माझ्या हातातून फोन घेतला. “येसू मी सुरतले,” ती म्हणाली, “पन दिवायीले. पाहुनी बनीसन. घर बंद करानं नही.” तो पलीकडे काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. नंतर त्यानं मला वेगळा फोन करून विचारलं, मावशी, तू काय केलंस? मी सांगितलं, काहीच नाही, उलट जे करत होते ते थांबवलं.

चौथ्या दिवशी आम्ही तिला पोचवायला गेलो. मी गजरा माळून गाडीत तिच्या शेजारी बसले, काचा बंद होत्या. शिंदखेड्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलानं दार उघडलं, ह्यांनी पिशवी आत नेली. अक्का ओसरीवर टेकते न टेकते तोच समोरच्या वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं आल्या. त्यांच्या अंबाड्यात मोगरा होता. दोन पायऱ्या चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तांब्या डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा हात मागे नेला, आणि गजऱ्याचा आकडा सोडवायला लागल्या.

अक्का उठली. पायऱ्यांपर्यंत जाऊन तिनं त्यांचं मनगट धरलं आणि मानेनं ओसरीवरची आपल्या शेजारची जागा दाखवली.

“राहू दे,” ती म्हणाली. “बठ आठे, जोडे बठ. जरा डोकं दुखू दे मनं.”